गोदी, खाजण आणि गुंडपट

टेम्स नदीच्या काठावरील सेंट कॅथरिन गोदी १९६८ साली बंद झाली आणि त्यानंतरच्या तेरा वर्षांत, पूर्व लंडनमधील हजारो कुटुंबांस पिढ्यान्‌पिढ्या अन्न देणाऱ्या गोद्यांची दारे एकामागून एक मिटत जाऊन, १९८१ साली रॉयल गोद्यांबरोबर त्या साऱ्या व्यवहाराची अखेर झाली. कारण साधे होते. पोती, पेट्या आणि पिंपे माणसांच्या पाठीवरून वाहण्याऐवजी सगळा माल लोखंडी कंटेनरांत भरून यारीने उचलण्याची पद्धत जगभर रूढ झाली. त्या कंटेनरांची प्रचंड जहाजे शहराच्या पोटात शिरणाऱ्या जुन्या गोद्यांत मावेनात. म्हणून व्यापार नदीच्या मुखाकडे, टिलबरीस सरकला, आणि मागे राहिली ती मोकळी गोदामे, बेकार झालेली माणसे आणि अकस्मात अमोल ठरलेली जमीन. मुंबई बंदराचे भवितव्यही पुढे त्याच कारणाने बदलले. आमचे टिलबरी म्हणजे उरण तालुक्यातील न्हावा-शेवा; २६ मे १९८९ रोजी तेथील बंदर सुरू झाले, कंटेनरांचा व्यापार खाडीपलीकडे निघून गेला, आणि मुंबईच्या प्रिन्स व व्हिक्टोरिया या एकोणिसाव्या शतकातील गोद्या कालांतराने बुजवून टाकण्यात आल्या. या दोन बंदरांच्या स्थित्यंतरांलगत चित्रपटाचा एक प्रकार वाढला, जो आमच्याकडील सुसंस्कृत रसिकाने मारामारीचा खेळ म्हणून बहुधा बाजूस सारला. तो प्रकार म्हणजे गुंडपट. त्याच्याकडे जमिनीच्या आणि श्रमाच्या इतिहासाचा दस्तऐवज म्हणून पाहिले पाहिजे, आणि त्या दस्तऐवजाचा सर्वांत बोलका भाग म्हणजे त्याचे आरंभदृश्य होय, असे माझे मत आहे. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला तर हा दस्तऐवज आपल्या दारापर्यंत येऊन भिडलेला दिसेल.

१९८१ या एकाच वर्षात लंडनमध्ये दोन गोष्टी घडल्या. ओस पडलेल्या गोद्यांच्या पुनर्विकासासाठी एक स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले; आणि त्याच्या काही महिने आधी 'द लाँग गुड फ्रायडे' हा जॉन मॅकेन्झी यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट इंग्लंडच्या चित्रगृहांत लागला, ज्याचा नायक हॅरल्ड शँड हा टोळीप्रमुख याच गोद्यांच्या जमिनीवर नवे नगर वसविण्याचे मनोरथ रचीत असतो. चित्रीकरण १९७९ सालीच आटोपले होते. परंतु मूळ निर्मात्या कंपनीस त्याची काटछाट करावयाची होती, आणि बीटल्स वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांच्या चित्रसंस्थेने तो विकत घेतला म्हणूनच तो आपल्या खऱ्या स्वरूपात लोकांपुढे आला. म्हणजे जे महामंडळ अद्याप जन्मास यावयाचे होते त्याची भाषा बॅरी कीफ या नाटककाराने आधीच एका गुंडाच्या तोंडी घालून ठेविली होती. लेखकाची दृष्टी ज्याला म्हणावे ती ही.

त्या चित्रपटाचे आरंभदृश्य सावकाश पाहण्याजोगे आहे. पहिली कित्येक मिनिटे संवाद जवळजवळ नाहीतच. पैशांनी भरलेली एक बॅग उत्तर आयर्लंडमधील एका शेतघरात पोहोचते. वाटेत एका हाताने तीतून काही नोटा काढून घेतल्या आहेत, एवढे आपण पाहतो. शेतघरात माणसे पैसे मोजतात, रक्कम कमी भरते, आणि तेवढ्यात बंदुकांचे बार होतात. मग लंडन, एक शवपेटी, आणि काळा पडदा चेहऱ्यावर घेतलेली एक स्त्री शांतपणे चालत येऊन एका पुरुषाच्या तोंडावर थुंकते. ही कोण, तो कोण, मेलेला कोण, काहीएक सांगितले जात नाही. त्यानंतर विमानतळ: अमेरिकेहून परतलेला हॅरल्ड, छाती पुढे काढून, पार्श्वसंगीताच्या ठेक्यावर, जणू सगळे शहर आपल्या खिशात आहे अशा ऐटीत चालत येतो. बॉब हॉस्किन्स या बुटक्या, रुंद खांद्यांच्या नटाने ती चाल अशी काही चालून दाखविली आहे की, त्या माणसाच्या सगळ्या आयुष्याचा हिशेब तीत उमटावा. प्रेक्षकाला या क्षणी नायकापेक्षा अधिक ठाऊक असते, परंतु जे ठाऊक आहे त्याचा अर्थ मात्र लागलेला नसतो. आणि पुढचे दीड तास नायक जे धुंडाळीत असतो ते आपण डोळ्यांनी पाहिले होते, ही जाणीव प्रेक्षकास खुर्चीवरून हलू देत नाही.

या कोड्याइतकेच महत्त्व लगेच येणाऱ्या नौकेवरील दृश्यास आहे. हॅरल्डची नौका टेम्समधून चालली आहे, पाठीमागे टॉवर ब्रिज आहे, पंगतीस नगरपालिकेचा सभासद आहे, पोलीस अधिकारी आहे, अमेरिकेहून भांडवल घेऊन आलेले पाहुणे आहेत, आणि हा पूर्व लंडनचा गरिबीतून वर आलेला माणूस दोन्ही काठांवरील ओसाड गोद्या दाखवून तेथे काय काय उभे राहणार आहे, १९८८ चे ऑलिंपिक सामने तेथे कसे भरविता येतील, हे सांगतो आहे. तो लबाड आहे, खुनशी आहे, आणि तरीही त्याच्या स्वरात आपल्या शहराविषयीचे प्रेम खरे आहे. प्रेक्षक गुंडाच्या आहारी जातो तो येथे. रक्तपाताची आवड हे त्याचे कारण खासच नव्हे. ज्याला जन्माने काहीही मिळाले नाही असा मनुष्य शहराच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढवू पाहतो, हे दृश्य त्याला खेचून घेते.

आमच्याकडील परंपरा निराळ्या दारातून आत आली. १९४३ साली बॉम्बे टॉकीजने काढलेला, ग्यान मुखर्जी दिग्दर्शित 'किस्मत' कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्यात अशोककुमार यांनी रंगविलेला चोर आपल्याला प्रथम भेटतो तो तुरुंगातून सुटताना. १९५१ च्या 'आवारा'चा पडदा उघडतो न्यायालयात, जेथे एका न्यायाधीशावर हल्ला केल्याचा आरोप असलेला तरुण पिंजऱ्यात उभा आहे. २४ जानेवारी १९७५ रोजी प्रदर्शित झालेला यश चोप्रांचा 'दीवार' एका समारंभाने सुरू होतो. पोलीस अधिकारी असलेल्या धाकट्या मुलाचा शासनाकडून गौरव होतो आहे, त्या गौरवाची खरी मानकरी आई आहे, आणि तिच्या स्मरणातून सगळी कथा उलगडते. तुरुंग, न्यायालय, सरकारी सभागृह. स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मलेल्या आमच्या गुंडपटास आपली कैफियत प्रथम सरकारदरबारी मांडावीशी वाटत होती. माणूस बिघडला खरा, पण तो का बिघडला याचा जाबजबाब नोंदवून घेणारे कोणी तरी समोर बसलेले आहे, असा विश्वास त्या आरंभदृश्यांच्या तळाशी होता, आणि प्रेक्षकही त्याच विश्वासाने, पंच म्हणून, तेथे बसत असे.

'दीवार'चा नायक विजय हा गोदीतील हमाल आहे, ही गोष्ट आकस्मिक नव्हे. गोदी आणि सोने यांचे नाते मुंबईत जुनेच. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा महाभयंकर स्फोट झाला, तेव्हा त्या जहाजावरील सोन्याच्या लगडी आसमंतात फेकल्या गेल्या आणि पुढे कित्येक वर्षांनी गाळ उपसताना त्यांतील काही हाती लागल्या. परंतु चोरटा व्यापार खरा वाढला तो कायद्यांनी. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याने मुंबईच्या वस्त्यांतून आणि खाडीकाठांतून हातभट्ट्यांचे जाळे पसरले. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, १९६८ साली त्यांचा कायदा झाला, आणि तो १९९० पर्यंत अमलात राहिला. ज्या देशात मुलीच्या अंगावर चार गुंजा सोने घातल्याशिवाय बापाला झोप लागत नाही, तेथे सोन्याची वाट अडविली की ती समुद्रावरून वळण घेते. १९७४ साली चोरट्या व्यापाराविरुद्धचा कॉफेपोसा कायदा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत 'दीवार' लागला, आणि गोदीत हमाली करून पुढे चोरट्या व्यापाराचा सम्राट बनलेल्या हाजी मस्तानची छाया लोकांनी त्यात पाहिली.

परंतु त्या चित्रपटाचे हृदय सोन्यात नाही, हप्त्यात आहे. गोदीवरील हमालांकडून गुंड दर आठवड्यास वसुली करतात. नकार देणारा एक कोवळा पोरगा मालमोटारीखाली मारला जातो. आणि पुढच्या खेपेस विजय नकार देतो. गुंड त्याला शोधीत गावभर फिरतात, तेव्हा तो त्यांच्याच गोदामात, त्यांच्याच खुर्चीवर, पाय लांब करून वाट पाहत बसलेला असतो. ते आले की तो उठतो, दाराला आतून कुलूप घालतो आणि किल्ली गुंडांच्या म्होरक्याच्या स्वाधीन करतो. आता ती तुझ्याच खिशातून काढून घेईन, एवढेच सांगतो. त्या किल्लीच्या हालचालीत अमिताभ बच्चन या नटाचे सगळे पुढचे साम्राज्य साठविलेले आहे. चित्रपटगृहातील पाठीवर ओझे वाहणारा प्रत्येक मनुष्य त्या क्षणी विजयच्या बाजूस गेला.

असे मनुष्य मुंबईत किती होते, याची कल्पना यावयाची तर मशीद बंदर आणि भायखळ्याच्या जुन्या बाजारांकडे पाहावे लागते. सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतून आलेले हजारो माथाडी तेथे टोळ्या-टोळ्यांनी काम करीत. मुकादम सांगेल ती मजुरी, आणि तीही पुरती हातात पडेल याची शाश्वती नाही. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्र विधिमंडळाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. टोळीची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, मधल्या माणसाची लूट बंद, असा त्याचा आशय. म्हणजे विजयने मुठीने जे केले ते त्याच्या सहा वर्षे आधी कायद्याने करून दाखविलेले होते. मला हा योगायोग फार मोलाचा वाटतो. कारण पडद्यावरील एकाकी शूराची कथा जितकी लोकप्रिय झाली तितकी बाजाराच्या आवारात सभा भरवून, संप करून, लाठ्या खाऊन मिळविलेल्या कायद्याची कथा कधीच झाली नाही.

ते बाजारही पुढे खाडी ओलांडून आले. १९८० नंतरच्या दशकापासून कांदा-बटाटा, मसाले, धान्य, भाजी, फळे असे एकेक बाजार मुंबईतून उठून वाशीच्या आणि तुर्भ्याच्या आवारात वसले, आणि त्यांच्यामागोमाग माथाडीही कोपरखैरणे-घणसोलीकडील वसाहतींत राहावयास आला. पहाटे बाजाराच्या गाळ्यांसमोर गाड्या लागल्या की आजही हाताला आकडा अडकवून पोते खांद्यावर घेणारी टोळी दिसते; थप्पी लावताना एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर जाणाऱ्या पोत्याची लय अशी असते की बघणाऱ्याने भान विसरावे. वाराईचा, म्हणजे माल चढविण्या-उतरविण्याच्या मजुरीचा, हिशेब तिथल्या तिथे तोंडी होतो. या आवारातील माणसाने 'दीवार' पाहिला असेल तर तो आपल्या बापाची गोष्ट म्हणून पाहिला.

नवी मुंबईचा दुसरा प्रेक्षक त्याहून जुना, म्हणजे येथील मूळचा. १९७३ साली वाशीचा पूल होण्यापूर्वी बेलापूर पट्टी, उरण आणि पनवेलच्या खाडीकाठची आगरी-कोळी मंडळी मुंबईस जात ती बहुतांशी होड्यांनी आणि लाँचांनी; उरणच्या मोऱ्याहून निघालेली लाँच मुंबईतील भाऊच्या धक्क्याला लागेपर्यंत नांगरलेली जहाजे आणि गोद्यांच्या याऱ्या डोळ्यांसमोरून सरकत, आणि त्याच गोद्या मग सिनेमाच्या पडद्यावर दिसत. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, तेव्हा हळदीच्या किंवा गणपतीच्या रात्री रंगीत संच भाड्याने आणून अंगणात रात्रभर चित्रपट दाखविण्याची चाल गावोगाव पडली. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे गाव चटयांवर बसलेले, आणि अमिताभचा चित्रपट पहाटेपर्यंत दोनदा लावलेला. गुंडपटाचा प्रेक्षक म्हणजे शहरातील उनाड पोरे, ही समजूत किती चुकीची आहे हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने त्या अंगणांच्या आठवणी ज्येष्ठांकडून ऐकाव्यात.

दरम्यान मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप औपचारिक रीतीने कधी मिटलाच नाही. लालबाग-परळच्या चाळींतील बापांच्या हातचे काम गेले, त्यांच्या मुलांस काम मिळाले नाही, आणि टोळ्यांना माणसे मिळू लागली. जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक आणि त्यावर आधारलेला महेश मांजरेकरांचा २०१० सालचा 'लालबाग परळ' हा चित्रपट यांत ही कहाणी एका घराच्या चौकटीत सांगितली आहे. या संपानंतरच्या गुंडपटाच्या आरंभदृश्यातून सरकारी सभागृह नाहीसे झाले, ही गोष्ट मला विलक्षण अर्थपूर्ण वाटते. १९८९ च्या 'परिंदा'त विधू विनोद चोप्रा श्रेयनामावलीच्या मागे संधिप्रकाशातील मुंबईच्या इमारती दाखवितात; माणूस नाही, न्यायाधीश नाही, नुसते शहर. १९९९ च्या 'वास्तव'मध्ये समुद्राच्या वाळूवर एका मृताचे वार्षिक विधी चालले आहेत, नातू विचारतो आणि आजी सांगू लागते. जाबजबाब घेणारा कोणी राहिला नाही. उरली ती आई, आणि तिच्यापुढे बसलेले एक लेकरू.

'परिंदा' आणि 'वास्तव' या दोहोंच्या मध्ये, ३ जुलै १९९८ रोजी, रामगोपाल वर्मांचा 'सत्या' आला. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत भर दिवसा एका संगीतव्यावसायिकाचा खून झाला होता, खंडणीच्या दूरध्वनींनी चित्रपटव्यवसाय भेदरला होता, आणि ज्या जगाविषयी वृत्तपत्रे रोज लिहीत होती ते जग प्रथमच आपल्या खऱ्या खोल्यांसह पडद्यावर आले. आरंभी निवेदकाचा आवाज या शहराची आणि त्याच्या पोटातील टोळ्यांची ओळख करून देतो, आणि मग गर्दीतून एक मनुष्य येतो, ज्याचे गाव, गोत, पूर्वायुष्य आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. इंग्रजी चित्रपटात असे आगमन १९७१ च्या 'गेट कार्टर'मध्ये दिसते. मायकेल केनने रंगविलेला गुंड लंडनहून आगगाडीने उत्तरेस न्यूकॅसलला निघतो आणि खिडकीबाहेरचा मुलूख सरकत राहतो. परंतु कार्टर आपल्या जन्मगावी, भावाच्या मृत्यूचा जाब विचारावयास परत चाललेला असतो. सत्याला परत जावयास गावच नाही.

आणि तरीही लोकांनी उचलून धरले ते सत्याला नव्हे, भिकू म्हात्रेला. मनोज बाजपेयी या बिहारहून आलेल्या नटाने उभा केलेला हा मनुष्य चाळीत राहतो, बायकोशी भांडतो, मित्रासाठी जीव टाकतो, आणि एका प्रसंगी समुद्राकाठच्या खडकावर उभा राहून, मुंबईचा राजा कोण, असे लाटांना ओरडून विचारतो. हा प्रसंग देशभर गाजला. परंतु खाडीच्या या काठी त्याचा एक वेगळा अर्थ होता. म्हात्रे हे नाव उरण-पनवेलच्या गावांत घरोघर सापडते. ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर नवे शहर उभे राहिले त्या खातेदारांच्या याद्यांत ते ओळीने लिहिलेले आहे. त्या नावाचा एक मनुष्य पडद्यावर शहराच्या मालकीचा सवाल करतो, आणि तो सवाल ऐकणाऱ्याच्या घरी भूसंपादनाची नोटीस अजून पेटीत जपून ठेवलेली आहे. चित्रपटाच्या लेखकांस, सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांस, हे अभिप्रेत होते असे मी म्हणत नाही. कलाकृतीस तिच्या कर्त्यांना न दिसणारे प्रेक्षक भेटतात, आणि ते प्रेक्षक तीत आपला अर्थ भरतात.

ती नोटीस १९७० सालची. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता यांनी १९६५ च्या सुमारास मांडलेली, खाडीपलीकडे जुळे शहर वसविण्याची कल्पना शासनाने स्वीकारली, १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंच्याण्णव गावांची जमीन संपादनाखाली आली. नकाशावर ती मोकळी दिसत होती. प्रत्यक्षात तेथे खाजणे होती, पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवून घातलेले बांध होते, भरतीचे पाणी अडविणाऱ्या आणि ओहोटीस शेतातील पाणी सोडणाऱ्या उघाड्या होत्या, मिठागरे होती, आणि बांध फुटला की रात्री-अपरात्री सगळ्या गावाने धावून जाण्याची रीत होती. मोजणीदाराची साखळी या जमिनीवर पडली तेव्हा पंचनाम्यात गट नंबर आला, क्षेत्र आले, आकार आला. बांध घालणाऱ्या हातांची नोंद करण्यास रकाना नव्हता. जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी धारातीर्थी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे जे तत्त्व पुढे शासनाने मान्य केले, त्यामागे त्या पाच जणांचे रक्त आहे.

या इतिहासाच्या सर्वांत जवळ आलेला मराठी गुंडपट म्हणजे प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न', २०१८ सालचा. तो पुण्याच्या पश्चिमेकडील मुळशीचा; नवी मुंबईचा नव्हे. शहर वाढत येते, जमिनीला भाव येतो, गावचा मानकरी शेतकरी जमीन विकतो, पैसा उडून जातो, आणि ज्या शिवारात त्याचा शब्द चालत असे तेथेच तो पहारेकरी म्हणून उभा राहतो. पुढे सगळे कुटुंब पुण्याच्या मार्केट यार्डात हमालीस लागते, आणि तेथे वसुली करणाऱ्यांवर हात टाकून मुलगा राहुल गुन्हेगारीच्या वाटेस लागतो. मोहन जोशी यांनी केलेला तो बाप विसरता येत नाही. 'दीवार'नंतर त्रेचाळीस वर्षांनी तोच हमाल, तीच वसुली, तोच पहिला नकार पुन्हा पडद्यावर आला. फरक इतकाच की विजयचा बाप कामगारांचा पुढारी होता आणि राहुलचा बाप जमीन गमावलेला शेतकरी आहे. 'वास्तव' करणाऱ्या महेश मांजरेकरांनीच २०२१ साली या कथेचे हिंदी रूपांतर 'अंतिम' या नावाने केले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तथापि या चित्रपटांविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती गंभीरपणे नोंदवावीशी वाटते. गुंडपट जमिनीचे दुःख दाखवितो, परंतु त्याच्या उत्तरार्धात पिस्तूल हाती आले की जमीन मागे पडते. हॅरल्ड शँड अखेरीस मारेकऱ्यांच्या मोटारीत बसलेला असतो आणि कॅमेरा कितीतरी वेळ फक्त त्याच्या चेहऱ्यावर थांबतो. त्या चेहऱ्यावर संताप, भीती, शहाणपण सारे काही येऊन जाते, पण त्या गोद्यांत पूर्वी राबणारी माणसे कोठे गेली हे चित्रपट विचारीत नाही. आमच्या चित्रपटांचेही तेच. खाडी आमच्या गुंडपटांत येते ती बहुधा प्रेत टाकावयाची काळी जागा म्हणून. तिच्या काठी भात पिकत होते, मीठ पिकत होते, निवट्या आणि चिंबोऱ्या मिळत होत्या, याचा त्या पडद्यावर मागमूस नसतो. आणि लढून, संघटना करून, पाच माणसे गमावून ज्यांनी कायदा वाकविला त्यांची गोष्ट तर गुंडाच्या गोष्टीपुढे कोणी उभीच करीत नाही. प्रेक्षकाला एकटा शूर आवडतो हे खरे. परंतु अंगणात चटईवर बसून रात्रभर चित्रपट पाहणाऱ्या त्या गावाने १९८४ साली एकत्र येऊन जे केले ते कोणत्याही विजयने गोदामात केले त्याहून मोठे होते.

म्हणून उरण, पनवेल आणि बेलापूर पट्टीतून आज जी मुले चित्रपटाचे शिक्षण घेत आहेत, हातातील साधनांनी लघुपट करीत आहेत, त्यांस माझी विनंती आहे. तुमचा चित्रपट गुंडाचा असो वा नसो, त्याचे आरंभदृश्य खाजणाच्या बांधावर घ्या; मोजणीदाराची साखळी, तलाठ्याचे दप्तर, उघाडीतून सुटणारे पाणी आणि पंचनाम्यावर अंगठा उठविणारा हात, एवढे दाखवा. १९७० साली जो विशीत होता तो आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. गोळीबाराच्या दिवशी रस्त्यावर असलेली माणसे, मशीद बंदरच्या जुन्या बाजारात आकडा चालविलेले माथाडी, मोऱ्याच्या लाँचवर तिकिटे फाडलेले लोक अजून गावांत आणि वसाहतींत भेटतात. पटकथा लिहावयास बसण्यापूर्वी त्यांच्याकडे जा, त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत नोंदवून घ्या, आणि त्यांच्या पेटीतील त्या नोटिशीचे छायाचित्र काढून ठेवा.